कर्नलचा सोर्स

लिनक्स वापरणाऱ्या माणसाला आपली अडचण कधी सांगू नये. तो आधी तुमची डिस्ट्रो कोणती ते विचारतो, उत्तर ऐकून "अच्छा, ती होय!" म्हणतो आणि मग मूळ अडचणीपेक्षा मोठं काहीतरी तुमच्या गळ्यात बांधतो. आमच्या ऑफिसात असा एक ज्ञानी आहे. माझा वाय-फायचा डोंगल लिनक्सवर चालत नाही, एवढंच मी त्याला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्याने घास गिळला आणि म्हणाला, "कर्नलचा सोर्स घे, खोल आणि ड्रायव्हर बिल्ड कर. अर्ध्या तासाचं काम आहे."

या जमातीत अर्धा तास म्हणजे अख्खा रविवार, हे मला ठाऊक होतं. पण डोंगलच्या खोक्यात निघालेल्या चिठोऱ्यावरही मुंगीच्या अक्षरात तेच छापलं होतं: लिनक्ससाठी कर्नल सोर्स आवश्यक. म्हणजे इंटरनेटसाठी डोंगल, डोंगलसाठी सोर्स आणि सोर्ससाठी इंटरनेट. शेवटी मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडला. मोबाइलवर रोज दीड जीबी डेटा मिळतो आणि त्यातला बराचसा सकाळी सातच्या आत नातेवाइकांच्या सुप्रभातांत खर्च होतो.

जिन्यातून उतरता उतरता मी भाच्याला फोनवर सांगत होतो, "अरे, एकदा कर्नलचा सोर्स मिळाला की काम झालंच." आमच्या जिन्यात बोललेलं वरच्या मजल्यावर जातं. तिथे बँकेतून निवृत्त झालेले काका राहतात. संध्याकाळी ते दारात हजर.

"तुमचा म्हणे कर्नलचा सोर्स आहे?"

"अजून मिळाला नाही. आज रात्री मिळेल."

"मिळाला की मला सांगा. कँटीनमधून दोन बाटल्या हव्या होत्या. माझ्यासाठी नकोत हो, जावई येतोय."

मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि समजावून सांगितलं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांना कामाला लावणारा प्रोग्रॅम. त्याचा सोर्स म्हणजे तो प्रोग्रॅम माणसांनी ज्या भाषेत लिहिला तो मूळ मजकूर. तो जगात कुणालाही फुकट मिळतो, वाचता येतो, हवा तसा बदलता येतो.

"म्हणजे कँटीन नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही तो वाचणार?"

"वाचणार असं नाही."

"बदलणार?"

"छे!"

"मग आणताय कशाला?"

निवृत्त माणसांना असे प्रश्न सुचतात, कारण त्यांना वेळ असतो. मी विषय बदलून इतिहास सांगायला लागलो. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हा गाभा लिहायला घेतला. त्याच्या मनात नाव होतं 'फ्रीक्स'. फाइल ठेवायला एफटीपी सर्व्हरवर जागा देणाऱ्या आरी लेम्के या मित्राला ते काही पसंत पडलं नाही. बारशाला बाप बाजूला राहतो आणि आत्या बाळाच्या कानात तिच्या मनातलं नाव सांगून मोकळी होते, तसं लेम्केने फोल्डरला परस्पर 'लिनक्स' असं नाव देऊन टाकलं. त्या पहिल्या, ०.०१ आवृत्तीत दहा हजारांच्या आसपास ओळी होत्या. आज तीन कोटींहून जास्त आहेत. काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "तीन कोटी ओळी. आणि तुमचा तो टिकलीएवढा डोंगल त्यात बसत नाही?"

रात्री कर्नल डॉट ऑर्ग उघडलं. पिवळ्या रंगाचं एक मोठं बटण आहे, त्यावर सगळ्यात नवी आवृत्ती. खाली मेनलाइन, स्टेबल आणि एकाखाली एक अनेक लाँगटर्म. काहींच्या पुढे ईओएल, म्हणजे यांची सेवा समाप्त, यापुढे दुरुस्ती मिळणार नाही. मी तासभर कुठली घ्यावी याचा अभ्यास करत होतो. मागून बायको म्हणाली, "अहो, लाँगटर्म घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, टिकाऊ असतं." पैसे पडत नाहीत हे मी तिला सांगितलं नाही. एवढा वेळ मी फुकटच्या गोष्टीवर घालवतोय हे कळलं असतं तर तिने मला पडदे धुवायला काढायला लावले असते. ६.१२ ही लाँगटर्म ठरली.

तेवढ्यात भाच्याचा फोन. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला आत्ता जेवढं येतं तेवढं आयुष्यात पुन्हा कधी येणार नाही.

"मामा, टारबॉल काय डाउनलोड करताय! गिट क्लोन करा. पूर्ण हिस्टरी येते. २००५ पासून कुणी कुठली ओळ का बदलली, सगळं."

"मला इतिहास नकोय रे, डोंगल चालवायचाय."

"तुम्ही करून तर बघा!"

बघितलं. गिट आधी वस्तू मोजतं, मग वस्तू दाबतं, मग वस्तू स्वीकारायला लागतं. वस्तू लाखोंनी असतात आणि टक्का हळूहळू चढतो. हा इतिहास काही जीबी भरतो आणि माझा दिवसाचा कोटा दीड, हे गणित भाच्याने केलं नव्हतं. त्याच्या हॉस्टेलला वाय-फाय आहे. टक्का साठीच्या घरात असताना कोटा संपला आणि गिट म्हणालं की पलीकडच्याने अनपेक्षितपणे फोन ठेवला. ठेवला तर ठेवला, उद्या तिथूनच पुढे सुरू करू, असं मला वाटलं. पण अर्धवट क्लोन पुढे चालू ठेवणं गिटला जमत नाही, पुन्हा शून्यापासून. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग डेप्थ एक द्यायची ना, फक्त शेवटचंच येतं." हे आदल्या रात्री सांगण्यात त्याला काय अडचण होती ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुप्रभात बंद ठेवले आणि साधी टार डॉट एक्सझेड फाइल डब्ल्यूगेटने उतरवली. दीडशे एमबीच्या आत काम. डब्ल्यूगेटला मायनस सी दिलं की तुटलेलं डाउनलोड तुटल्या जागेपासून पुढे चालू होतं, ही या संबंध उद्योगातली एकमेव समजूतदार गोष्ट.

दीडशे एमबी वाट पाहताना मी तरुणपणात गेलो. १९९९ साली २.२ आलं तेव्हा ते तेरा एमबीच्या आसपास होतं, आणि पुण्यात ते घरी न्यायचं म्हणजे सायबर कॅफेत बसून, तुकडे करून, दहा-एक फ्लॉप्यांवर भरून न्यायचं. कॅफेवाला तासाचे पैसे घ्यायचा आणि "पोरं नक्की काय बघतायत" म्हणून मागून डोकावून जायचा. पडद्यावर नुसती टक्केवारी पाहून त्याचा संशय वाढायचा. घरी आल्यावर नऊ फ्लॉप्या चांगल्या निघायच्या आणि दहावी खराब. खराब फ्लॉपी पहिली कधीच नसायची, कारण मग लगेच परत जाता आलं असतं. ती नेहमी शेवटची, कॅफे बंद झाल्यावर लक्षात येणारी. आमच्या बॅचच्या एका मुलाने असा कर्नल आणून खोलला, त्यातला स्केड्युलर प्रिंट करून त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि गणपतीत टेबलावर मांडून ठेवला. कुणी वाचला नाही. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला गेला. मला तेव्हा त्याचा फार हेवा वाटला होता.

असो. फाइल आली. आता ती खरी आहे की वाटेत कुणी बदलली, हे तपासायचं. कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये २०११ साली घुसखोरी झाली होती, त्यामुळे हे लोक सहीच्या बाबतीत फार कडक आहेत. गंमत म्हणजे सही दाबलेल्या एक्सझेड फाइलची नसतेच, आतल्या उलगडलेल्या टार फाइलची असते. दाबण्याच्या पद्धती बदलतात, आतला मजकूर तोच राहतो, म्हणून एकच सही सगळ्यांना पुरते. तेव्हा आधी एक्सझेड सोडवायचं, त्याची दीड जीबीची टार फाइल होऊ द्यायची आणि मग सही पडताळायची. सही म्हटल्यावर मी काकांना बोलावलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहिलेला माणूस. घरात असे तज्ज्ञ असताना वाया का घालवायचे?

सही तपासणारं जीपीजी चालवलं. आधी आलं की सही चांगली आहे, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची. स्टेबल आवृत्त्या सांभाळणारे हेच. मी टाळी द्यायला हात पुढे केला. लगेच खाली इशारा आला: या सहीची किल्ली कुणा विश्वासातल्या सहीने प्रमाणित केलेली नाही, आणि सही खरोखर त्याच मालकाची आहे असं दाखवणारं काहीही उपलब्ध नाही.

मी वैतागलो. "सही चांगली आहे म्हणतंय, आणि ती त्याचीच आहे याची खात्री नाही म्हणतंय. याला काय अर्थ आहे?"

काकांचे डोळे मात्र चमकले. "हे कुणी लिहिलंय? बँकेतला दिसतो. अहो, हेच बरोबर. असंच लिहायचं असतं. तुम्ही या ग्रेगसाहेबांना कधी भेटलात?"

"नाही."

"त्यांना ओळखणारा कुणी तुमच्या ओळखीचा?"

"नाही."

"मग? आमच्याकडे खातं उघडायला ओळख देणारा जुना खातेदार लागायचा. त्याच्या सहीवर तुमची सही चालायची. तसा कुणीतरी आणा, नाही तर ही ओळ वाचून गप्प बसा."

आणि गंमत अशी की काका नेमकं बोलले होते. घुसखोरीनंतर या कर्नलवाल्यांनी तेच केलं. एकमेकांना भेटायचं, ओळखपत्र बघायचं, एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करायच्या, आणि अशा ओळखीपाळखीतून ज्याची किल्ली जोडली जाते त्यालाच आत घ्यायचं. जगातल्या बड्या बड्या संगणकतज्ज्ञांना जे एका घुसखोरीनंतर सुचलं, ते काकांच्या शाखेत काउंटर नंबर दोनला आधीपासून चालू होतं.

आता खोलणं. टार हा १९७० च्या दशकातला प्राणी आहे, टेपवर फायली साठवण्यासाठी जन्माला आलेला, आणि टेप गेल्या तरी त्याचा स्वभाव गेला नाही. त्याला अक्षरांनी हुकूम द्यावा लागतो. एक्स म्हणजे उघड, व्ही म्हणजे करताना बोलत राहा, एफ म्हणजे पुढे फाइलचं नाव येतंय. एवढी तीनच अक्षरं, पण ती पाठ आहेत असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. डॅश देऊन एक्सएफव्ही असं लिहिलं की टार समजतो फाइलचं नावच 'व्ही' आहे, आणि 'व्ही' नावाची फाइल सापडत नाही म्हणून तक्रार करतो. एक्सच्या जागी सी पडला तर उघड ऐवजी नवीन बांध असा हुकूम होतो. माझ्या हातून तोही पडला. आत काय भरायचं ते मी सांगितलंच नव्हतं, तेव्हा टारने उत्तर दिलं की, रिकामी पेटी बांधायला मी भित्रेपणाने नकार देत आहे. शब्दशः भित्रेपणाने, टार लिहिणाऱ्यांनीच तो शब्द त्याच्या तोंडी घातलाय. माझी दीड जीबीची फाइल त्या भित्रेपणामुळे वाचली. घरात शौर्य दाखवणारं एकही उपकरण इतकं उपयोगी पडलेलं नाही.

अखेर अक्षरं जुळली, फायली उघडायला लागल्या आणि मध्येच सगळं थांबलं. डिस्कवर जागा नाही. दीड जीबीची टार, त्यातून निघणाऱ्या तेवढ्याच फायली, आणि उरलेल्या सगळ्या डिस्कवर भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ. पाच तास, त्यातला एक तास नुसती पंगत.

"त्याला हात लावायचा नाही," बायको आतून म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

मग पेनड्राइव्ह काढला. त्यावर मोकळी जागा भरपूर होती, पण तो फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि कर्नलच्या फायलींच्या झाडाला फॅटची माती मानवत नाही. फॅटला सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणारी फाइल, माहीत नाही, तेव्हा त्या जागोजाग नाकारल्या गेल्या. त्याहून वाईट म्हणजे नेटवर्कच्या भागात काही फायलींच्या अशा जोड्या आहेत की नाव तेच, फक्त एकीचं मोठ्या लिपीत आणि दुसरीचं छोट्या. मोठ्या लिपीतली पाकिटाचं काय करायचं ते सांगते, छोट्या लिपीतली पाकीट ओळखते. लिनक्सला या दोन वेगळ्या व्यक्ती, फॅटला एकच. दुसरी येते आणि पहिलीच्या जागेवर बसते, आणि कुणी हूं की चूं करत नाही. भाच्याला विचारलं, तुझ्या विंडोजवर खोलून देतोस का? त्याने खोललं. तिथे एका फाइलचं नाव 'ऑक्स डॉट सी' निघालं. डॉसच्या काळात ऑक्स हे नाव सिरियल पोर्टसाठी राखून ठेवलं होतं, ते पोर्ट लॅपटॉपवरून केव्हाच गेले, पण राखीव जागा अजून राखीवच. विंडोजने फाइल घेतली नाही.

"मामा, तुम्ही डेबियन वापरता ना? मग लिनक्स-सोर्स नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा, आपोआप येतं," तो म्हणाला. तेही केलं. पॅकेज उतरलं, खुललं, इन्स्टॉल झालं, आणि यूएसआर-एसआरसी मध्ये जाऊन पाहतो तर काय? एक टार डॉट एक्सझेड. न उघडलेलं.

रविवारी बायको बाजारात गेली असताना मी पंगतीचा तास उडवला. (मूळ प्रत विहिणबाईंकडे आहे, आणि जिलब्या वाढताना कुणाचंच तोंड दिसत नव्हतं.) जागा झाली. घरातल्या फोल्डरमध्येच उघडलं, कारण यूएसआर-एसआरसी-लिनक्स इथे उघडू नका असं कर्नलच्या स्वतःच्या वाचा-मला फाइलमध्ये बजावून ठेवलंय. ऑफिसातला ज्ञानी मात्र "तिथेच उघड" असं म्हणाला होता. ज्ञानी लोक ती फाइल वाचत नाहीत.

आणि मग ती वेळ आली. व्ही! ऐंशी हजारांहून जास्त फायलींची नावं काळ्या पडद्यावरून धो-धो खाली धावायला लागली. आर्च, ब्लॉक, क्रिप्टो, मग ड्रायव्हर्स, आणि ड्रायव्हर्स संपता संपेनात, कारण निम्म्याहून जास्त कर्नल म्हणजे ड्रायव्हर्सच. मी खुर्चीत मागे रेलून हाताची घडी घातली. व्ही दिला नाही तरी फायली तेवढ्याच उघडतात, उलट थोड्या लवकर उघडतात. पण मग घरच्यांना काय दिसणार? बायको पिशव्या घेऊन आत आली, पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ऑफिसचं काम चाललंय का? चहा टाकू?" इतक्या वर्षांच्या नोकरीत ऑफिसच्या खऱ्या कामाने मला हा मान मिळवून दिला नव्हता. खऱ्या कामात पडदा तासन् तास हलत नाही.

भाचा आला तेव्हा मी चहा पीत झाड न्याहाळत होतो. त्याने डोंगलचा चिठोरा वाचला, दोन मिनिटं टाइप केलं आणि म्हणाला, "मामा, सोर्स कशाला? बाहेरचा ड्रायव्हर बिल्ड करायला नुसते हेडर्स लागतात. तेही तुमच्या चालू कर्नलच्या आवृत्तीचेच. ही तुम्ही आणलेली आवृत्ती जुळतच नाही, यावर बनवलेला ड्रायव्हर तुमचा कर्नल घेणार नाही." मग त्याने लिनक्स-हेडर्स नावाचं पॅकेज टाकलं. चहा निवायच्या आत डोंगलचा निळा दिवा लागला.

"मग हे सगळं डिलीट करू?"

"करू नकोस," मी म्हणालो. "असू दे."

काका संध्याकाळी चष्मा बदलून आले. "उघडलं म्हणता? दाखवा तर खरं." मी त्यांना आतलं झाड दाखवलं आणि अक्षर मोठं करून दिलं. मेमरी, स्केड्युलर वगैरे त्यांनी भराभर मागे टाकलं. क्रेडिट्स नावाच्या फाइलशी मात्र थांबले. ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं, आडनावाच्या अकारविल्हे. बँकेच्या स्नेहसंमेलनाची स्मरणिका वाचावी तसे ते ओळ न ओळ वाचत शेवटाला पोचले आणि हसायला लागले.

तिथे खरंच एक सूचना आहे. यादीत सगळ्यात शेवटी मार्क आहे; आडनाव त्याच्या नंतर येत असेल तरच त्याच्याखाली नाव घाला, असं बजावलंय. मार्कच्या आधीच्या लेनर्डला आपण शेवटचे आहोत याचा फार अभिमान होता, आणि आता शेवटून दुसरं स्थानही गेलं तर तो भडकेल, असंही म्हटलंय.

"हा लेनर्ड मला समजतो," काका म्हणाले. त्यांचं आडनाव झेडवालं आहे. "शाळेत मराठी हजेरीत मी मधोमध. बँकेत इंग्रजी मस्टर, तिथे एकदम शेवटी. पगाराची पाकिटं वाटताना शेवटी, बढतीच्या यादीत शेवटी. पण शेवटचा म्हणजे शेवटचा हो, त्यात एक मान आहे. साहेब सही करताना माझ्या नावाखाली करायचे. मग नाशिकहून एक बदलून आला, त्याचंही झेडच, पण स्पेलिंग पुढचं. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही."

ते पडद्याजवळ सरकले. "हा मार्क झेड-वाय वाला आहे. याच्यानंतर यायला काय लागेल?"

"झेड-झेड."

"लागेल तेवढं करू. जावयाने न्यूमरॉलॉजीवाल्याला विचारून नावात दोन ए वाढवलेत, कुणी काही म्हटलं नाही. मी एक झेड वाढवतो. पण नुसतं नाव घालून देतात का?"

"नाही. आधी कोड लिहावा लागतो."

काका उठले, चष्मा खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कोड तुम्ही लिहा. नाव मी देतो."